बाहेर बसलेला गडी

गडी खेळला नाही की लोक त्याचा गुडघा बघत नाहीत, आधी त्याची नियत तपासायला घेतात. “पैशाला भाळला”, “घाबरला”, “आता मोठा झाला, आपल्याला कशाला विचारतोय” ही तीन वाक्यं मी आटपाडीत चहाच्या गाड्यावर जितक्या वेळा ऐकली असतील, तितक्याच वेळा टीव्हीवरच्या क्रिकेटच्या चर्चेतही ऐकली आहेत. तिथं बोलणाऱ्यांच्या अंगावर कोट असतो, एवढाच फरक.

खेळणाऱ्याचं कौतुक आपण सगळेच करतो. न खेळणाऱ्याचा हिशोब मात्र कुणी नीट मांडत नाही. पुढं मोठी संधी दिसत असताना अंग जपायचं म्हणून आजचा सामना सोडणारा खेळाडू शहाणा म्हणायचा की बेइमान? ज्या संघानं, ज्या गावानं त्याला उभं केलं, त्यांचं त्याच्यावर काही देणं लागतं की नाही? आणि लागत असेल तर ते गुडघ्यानंच फेडायचं का?

हा प्रश्न मला आमच्या मोहल्ल्यातल्या एका पोरानं पाडला. त्याचं नाव लिहीत नाही. कबड्डी खेळतो, चढाईला चपळ आहे, आणि दोन-तीन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय, एवढी ओळख पुरे. वडील आठवडी बाजारात शेळ्या-बोकडांच्या सौद्यात दलाली करतात, आई कपडे शिवते. आमच्या माणदेशात पाऊस बेभरवशाचा. टेंभूचं पाणी आल्यापासून डाळिंबाच्या बागा वाढल्या हे खरं, पण ज्याला शेतच नाही त्याला त्या पाण्याचं कौतुक लांबूनच करावं लागतं. अशा घरातल्या पोराला खाकी वर्दी म्हणजे काय वाटत असेल, हे वेगळं सांगायला नको.

भरतीचं गणित ज्यांच्या घरात पोरगा धावतोय त्यांना पाठ असतं, इतरांसाठी सांगतो. शिपायाची मैदानी चाचणी 50 गुणांची. त्यात 1600 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. यात निम्मे गुण मिळाले तर पुढं 100 गुणांच्या लेखी परीक्षेचं दार उघडतं, आणि तिथंही एका जागेमागं दहाच जणांना बोलावतात. खुल्या गटासाठी वयाची मर्यादा 28. जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. दोन जाहिरातींच्या मध्ये पोरांची वर्षं निघून जातात. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत 5 टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्याला मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतलं प्रमाणपत्र लागतं. यात्रेत जिंकलेला चषक त्या खिडकीत चालत नाही.

तर एका यात्रेतली कबड्डी स्पर्धा. रात्रीचे सामने, नांगरून-चाळून केलेली माती, चुन्याच्या रेघा, हॅलोजनचा उजेड आणि माइकवर घसा बसलेला निवेदक. पोराच्या संघाची उपांत्य फेरी. त्याच आठवड्यात मैदानी चाचणीची तारीख आलेली. पोरानं कर्णधाराला सांगितलं, मी खेळणार नाही. पाय मुरगळलाय, ताप आलाय असं काही नाही. सरळ म्हणाला, मला धावायचंय.

संघ हरला. चार-पाच गुणांनी हरला, त्यामुळं त्याच्या नावाची चर्चा जास्त झाली. तीस-चाळीस गुणांनी हरला असता तर कुणी त्याची आठवण काढली नसती. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “चाचा, घोट्यात पकड बसली आणि पाय गेला, तर सोळाशे मीटर कोण धावणार? मंडळ धावणार का माझ्या जागी?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. गाड्यावर एक वस्ताद बसले होते, तरुणपणी फडात नाव असलेले. त्यांचा डावा हात आजही खांद्याच्या वर जात नाही, टोपी घालायची तरी उजव्या हातानं. पोराला नावं ठेवणाऱ्यांना ते म्हणाले, “आरं, माजा खांदा निखळला तवा हलगी थांबली न्हाई. मला कडंला घेतला आन् दुसरी जोड लावली. गुडगा त्येचा हाय, भाकरी त्येची हाय. आपुन कोन?”

त्यांचं हे बोलणं डोक्यात घेऊनच मी पुढचं लिहितो आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये देशभर नेमका हाच वाद झाला. श्रेयस अय्यर मुंबईचा फलंदाज. इंग्लंडविरुद्धच्या दुसऱ्या कसोटीनंतर भारतीय संघातून बाहेर गेला. रणजी करंडकाची उपांत्यपूर्व फेरी आली, समोर बडोदा. अय्यरनं पाठीचं दुखणं सांगितलं आणि तो खेळला नाही. राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या वैद्यकीय चमूनं मात्र तो तंदुरुस्त असल्याचं कळवलेलं, आणि ते बाहेर फुटलं. झारखंडचा इशान किशनही रणजीपासून लांबच राहिला. 28 फेब्रुवारीला क्रिकेट मंडळानं वार्षिक करारांची यादी जाहीर केली आणि त्यात या दोघांचीही नावं नव्हती.

त्या वेळी बहुतेकांचा निकाल एका ओळीत लागला होता: आयपीएलसाठी अंग राखून बसले. असेलही. आकडे तर तेच सांगतात. रणजीत चाळीसपेक्षा जास्त सामने खेळलेल्या खेळाडूला दिवसाला 60 हजार रुपये मिळतात. पाच दिवसांच्या बाद फेरीच्या सामन्याचे झाले तीन लाख. अय्यरचा कोलकात्याबरोबरचा आयपीएलचा करार होता 12 कोटी 25 लाखांचा. एका पारड्यात तीन लाख, दुसऱ्यात सव्वाबारा कोटी, आणि मधल्या काट्यावर वर्षभरापूर्वी शस्त्रक्रिया झालेली पाठ. हा काटा क्रिकेट मंडळानंच उभा केला होता. आयपीएल त्यांचीच, रणजीही त्यांचीच. दोन्हीकडचे भाव आपणच ठरवायचे आणि माणूस जड पारड्याकडं झुकला की त्याच्या निष्ठेवर प्रवचन द्यायचं, हे मला पटलं नाही.

पण त्याच सामन्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अय्यर नसलेल्या त्या मुंबईकडून बडोद्याविरुद्ध अठरा वर्षांच्या मुशीर खाननं नाबाद 203 धावा केल्या. दुसऱ्या डावात दहाव्या क्रमांकावर तनुष कोटियन आणि अकराव्या क्रमांकावर तुषार देशपांडे या दोघांनीही शतकं ठोकली. प्रथम श्रेणीच्या इतिहासात असं त्याआधी एकदाच, 1946 मध्ये चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी इंग्लंडमध्ये केलं होतं. बाहेर बसलेल्याच्या रिकाम्या जागेत कुणीतरी उभं राहतं. संघ एका माणसावर थांबत नाही, ही गोष्ट बसणाऱ्यानंही लक्षात ठेवावी आणि त्याला शिव्या देणाऱ्यांनीही.

मुशीरचा थोरला भाऊ सर्फराज. त्याची गोष्ट मला जास्त बोलते. रणजीच्या 2019-20 च्या हंगामात 928 धावा, 2021-22 मध्ये 982. एवढं करूनही भारतीय संघाचं बोलावणं येत नव्हतं. डिसेंबर 2023 च्या आयपीएल लिलावात त्याला कुणी घेतलंही नाही. शेवटी 15 फेब्रुवारी 2024 ला राजकोटला कसोटीची टोपी मिळाली. वडील नौशाद खान मैदानाच्या कडेला रडत होते, ते दृश्य आमच्या घरातल्या बायकांनीही पाहिलं, ज्यांना क्रिकेटमधलं काही कळत नाही. पहिल्या डावात 62, दुसऱ्यात नाबाद 68.

आता या दोघांना शेजारी ठेवून बघा. एकाच शहरातले, एकाच रणजी संघातले. एकाला सामना सोडायची सोय होती, कारण त्याला विकत घेणारं कुणीतरी होतं. दुसऱ्याकडं सोडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो प्रत्येक सामना खेळत राहिला. आपण सर्फराजच्या सब्राचं कौतुक करतो आणि अय्यरला लोभी म्हणतो. पण सर्फराजला तेव्हा आयपीएलचा दहा कोटींचा करार असता आणि पाठ दुखत असती, तर त्यानं काय केलं असतं? मला माहीत नाही, आणि बोलणाऱ्या कुणालाच माहीत नाही. माणसाची निष्ठा आपण पुष्कळदा त्याच्या नाइलाजावरून मोजत असतो. ज्याला पर्यायच नव्हता त्याला निष्ठावंत म्हणणं फार स्वस्त पडतं.

अय्यरचं पुढं काय झालं, तेही सांगतो. तो उपांत्य सामन्याला परतला. वानखेडेवर विदर्भाविरुद्ध अंतिम सामन्यात त्यानं दुसऱ्या डावात 95 केल्या. मुशीरनं 136. मुंबईनं 169 धावांनी जिंकून 42 व्यांदा करंडक घेतला. पण त्याच सामन्यात अय्यरची पाठ पुन्हा धरली आणि शेवटी तो क्षेत्ररक्षणाला उतरू शकला नाही. मग दुखणं खरं होतं की खोटं? पुढं सप्टेंबर 2025 मध्ये त्यानं पाठीचंच कारण देऊन लाल चेंडूच्या क्रिकेटमधून सहा महिन्यांची रजा मागितली. या वेळी त्यानं मंडळाला आधीच कळवून मागितली आणि मंडळानं ती जाहीर करून मान्य केली. पाठ तीच होती, कारणही तेच. पण या खेपेला त्याच्या नियतीवर तसा गहजब झाला नाही.

मला वाटतं, सगळा फरक तिथं आहे. बाहेर बसण्यापेक्षा आडून बसणं माणसाला जास्त लागतं. आमच्या पोरानं तापाचं नाटक केलं असतं तर दोन दिवस सगळ्यांनी त्याची विचारपूस केली असती. त्यानं खरं सांगितलं म्हणून बोलणी खाल्ली. खरं बोलणाऱ्याला बोलणी आणि खोटं बोलणाऱ्याला सहानुभूती, असा रिवाज आपणच पाडल्यावर खेळाडू दुखण्याचं निमित्त शोधणार नाही तर काय करणार?

आपली कुस्तीची मंडळी म्हणतील, हे सगळं क्रिकेटच्या पैशानं बिघडवलं, पूर्वी असं नव्हतं. पूर्वीही असंच होतं, फक्त प्रकार वेगळा होता. ‘नुरा कुस्ती’ हा शब्द आपल्याकडं उगाच आलेला नाही. दोन नावाजलेले मल्ल आधी ठरवून फडात उतरायचे. शड्डू ठोकायचे, हात मिळवायचे, एकमेकांच्या मानेवर रेटा देत अर्धा-पाऊण तास घालवायचे, आणि पंच कुस्ती बरोबरीत सोडवायचे. कुणाच्या पाठीला माती लागली नाही, दोघांचं नाव राहिलं, दोघांचा पुढच्या यात्रेचा भाव शाबूत. तेही अंग जपणंच होतं. शिवाय लोक चार कोस चालत आलेले, त्यांना वाटायचं आपण कुस्ती बघतोय. त्यापेक्षा न उतरणारा मल्ल जास्त प्रामाणिक म्हणायचा.

गामा पैलवानाची हकिकत आपल्या घरांत अजून सांगितली जाते. गुलाम मोहम्मद हे त्याचं खरं नाव. 1910 मध्ये तो लंडनला गेला. उंचीनं कमी म्हणून तिथल्या स्पर्धेत घेईनात. तेव्हा त्यानं जाहीर आव्हान दिलं की कुठल्याही वजनाचे तीन मल्ल पाठवा, अर्ध्या तासात तिघांनाही पाडतो. त्या काळातले जगज्जेते म्हणवणारे फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकनश्मिट यांच्याशी त्याची कुस्ती काही झाली नाही. ज्याच्याकडं नाव आणि किताब आहे, त्यानं हिंदुस्थानातून आलेल्या अनोळखी मल्लाशी भिडून मिळवायचं काय होतं? जिंकला तर विशेष नाही, हरला तर सगळं गेलं. उतरला तो पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को. 10 सप्टेंबर 1910 ला तो दोन तासांहून जास्त वेळ पोटावर पालथा पडून मॅटला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानं पुन्हा जोड ठरली तर हा आलाच नाही. गामाला विजयी घोषित केलं. अठरा वर्षांनी, 1928 मध्ये, पतियाळात दोघं पुन्हा समोरासमोर आले तेव्हा गामानं त्याला एका मिनिटाच्या आत चीत केलं.

गॉच आणि झ्बिस्को यांत मला झ्बिस्कोबद्दल जास्त आदर आहे. पालथा का होईना, उतरला होता, आणि अठरा वर्षांनी पुन्हा आला. पण गॉचलाही मी चोर म्हणणार नाही. धंदा करणाऱ्या मल्लानं आपल्या नावाची किंमत जपली, एवढंच.

अमेरिकेत हा प्रश्न गेल्या काही वर्षांत अगदी उघड झाला आहे. तिथं कॉलेजचे फुटबॉल संघ म्हणजे आपल्याकडच्या रणजीपेक्षाही मोठी गर्दी. खेळणारी पोरं मात्र विद्यार्थी, त्यांना त्या काळी पगार नव्हता. कॉलेजमधून व्यावसायिक संघात निवड झाली की कोटींचे करार. 1 जानेवारी 2016 ला नोत्र दाम विद्यापीठाचा जेलन स्मिथ हंगामातला शेवटचा सामना खेळताना गुडघ्यातून मोडला. अगदी पहिल्या चार-पाच जणांत निवडला जाईल असं म्हटलं जाणारा हा खेळाडू थेट 34 व्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लिओनार्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री या दोघांनी आपापल्या कॉलेजचा शेवटचा सामना खेळायला नकार दिला. मोठी ओरड झाली. पुढच्या निवडीत फोर्नेट चौथा आणि मॅकॅफ्री आठवा गेला. तेव्हापासून तिथं दरवर्षी अनेक खेळाडू उघडपणे सांगून बाहेर बसतात आणि आता लोकांना त्याचं फारसं नवल राहिलेलं नाही.

आपल्या कबड्डीतही गुडघ्याची किंमत आता कळायला लागली आहे. 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतल्या खेळाला लिलावाचा भाव आला. 2022 च्या हंगामासाठी पवन सेहरावतला तमिळ थलैवाजनं 2 कोटी 26 लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला आणि सगळा हंगाम बाहेर. त्याच्यामागं संघ होता, डॉक्टर होते. पुढच्या हंगामात आणखी जास्त बोली लागून तो परत आला. यात्रेच्या मैदानावर हाच गुडघा गेला असता तर? उचलून जीपमध्ये घालायचा, हाडवैद्याकडं न्यायचा, आणि पुढच्या वर्षी निवेदकानं “मागच्या खेपेचा आपला धडाडीचा गडी” म्हणून एकदा नाव घ्यायचं.

आता एक गोष्ट लिहितो, जी लिहू नये असं मला दोन मित्रांनी सांगितलं. आमच्या पोराबद्दल त्या आठवड्यात एक वाक्य जरा हळू आवाजात बोललं गेलं: “शेवटी ह्यांचंच पोरगं ते.” बोलणारा दोघांत एक होता, सगळा गाव नव्हे. वस्तादांनी त्याला तिथल्या तिथं गप्प केलं, हेही सांगायला हवं. पण वाक्य पोराच्या कानावर गेलं ते गेलंच.

श्रेयस अय्यर बसला तेव्हा त्याला लोभी म्हटलं, मस्तवाल म्हटलं. सगळं त्याच्या एकट्याच्या खात्यावर जमा झालं. मुसलमान खेळाडूचं तसं होत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये दुबईत पाकिस्तानकडून भारत दहा गडी राखून हरला. अकरा जण हरले होते, पण समाजमाध्यमांवर मोहम्मद शमीलाच गाठलं. तेव्हा कर्णधार विराट कोहलीनं उघडपणे त्याची बाजू घेतली, त्याची जाण ठेवावी. शमी त्या दिवशी बाहेर बसला नव्हता, पूर्ण अंग लावून खेळला होता. तरी ही गत. मग जो सांगून बाहेर बसेल त्याचं काय होईल, हे आमच्या पोरांना सांगावं लागत नाही. म्हणून आमच्यातला गडी दुखऱ्या पायानंही खेळतो. त्याच्या मनात कुठंतरी असतं की आपली निष्ठा दर सामन्याला नव्यानं सिद्ध करायची आहे. या ओझ्याखाली मोडलेले गुडघे कुणी मोजत नाही.

बाहेर बसण्याचा हक्क सगळ्यांना सारखा हवा, असं मी म्हणतो तेव्हा माझ्या मनात हेच आहे. ज्या दिवशी मोहल्ल्यातला पोरगा “मी खेळणार नाही” म्हणेल आणि लोक त्याला फक्त “आळशी” किंवा “स्वार्थी” म्हणतील, त्या दिवशी तो गावाचा पुरता झाला असं मी समजेन.

दीनदार मंडळींपैकी एकानं मला विचारलं की दिलेला शब्द मोडणं आपल्यात चालतं का. रास्त प्रश्न आहे. वचन पाळणं ही इमानाचीच गोष्ट. पण शरीर हीसुद्धा अल्लाहनं दिलेली अमानत आहे, तिचाही आपल्यावर हक आहे, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो. पैगंबर साहेबांनी मक्केतल्या रुकाना नावाच्या नामी मल्लाला कुस्तीत पाडल्याची रिवायत आहे, म्हणजे ताकद कमावणं आणि ती मैदानात लावणं आपल्याला परकं नाही. प्रश्न एवढाच की अमानत कुठं खर्चायची, हे ठरवणार कोण. माझ्या समजुतीप्रमाणे ज्याच्याकडं सोपवली तोच. फक्त त्यानं ज्यांना शब्द दिला त्यांना वेळेत आणि खरं सांगावं, म्हणजे ते दुसरा गडी उभा करतील. पोरानं तेवढं केलं होतं.

पोराला त्या भरतीत मैदानात चांगले गुण पडले, लेखीत थोडक्यात राहिला. लगेच म्हणणारे म्हणाले, बघा, ना कबड्डी ना भरती. असा निकालावरून न्याय करायचा असेल तर मग मोडलेल्या गुडघ्याचाही न्याय करा. त्याचा निर्णय त्या रात्री बरोबर होता की नाही, हे त्या रात्री त्याच्यापुढं काय होतं यावरून ठरतं.

याच मातीत एक जुना दाखला आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1948 ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला, आणि तिथं ते सहावे आले. 1952 ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा सरकारकडून पुरेसे पैसे मिळेनात. गावोगाव वर्गणी झाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्यांची मैदानं भरवून, स्वतः लढून, त्या मिळकतीतून त्यांनी ते देणं फेडलं.

ही गोष्ट आपण नेहमी त्याग आणि जिद्द यांसाठी सांगतो. मला तिच्यात दुसरं एक दिसतं. खर्डेकरांनी आपलं घर पणाला लावलं होतं. खाशाबा हरले असते, जखमी झाले असते, तर छप्पर प्राचार्यांचं गेलं असतं. जोखीम दोघांत वाटली गेली होती, म्हणून परतल्यावर खाशाबांनी अंग राखलं नाही. त्यांच्याकडून तशी अपेक्षा करण्याचा अधिकार खर्डेकरांना होता. गाड्यावर चहा पीत “गावासाठी खेळायला नको?” म्हणणाऱ्यानं काय गहाण ठेवलंय?

क्रिकेट मंडळालाही हे उशिरा का होईना कळलं. करार काढून घेतल्यावर दीडेक आठवड्यात, मार्च 2024 मध्ये, कसोटी खेळणाऱ्यांसाठी त्यांनी प्रोत्साहन योजना आणली. हंगामातले तीन चतुर्थांशांहून जास्त कसोटी सामने खेळणाऱ्याला सामन्यामागं 45 लाख रुपये जादा. नुसत्या दटावणीनं भागत नाही, पारड्यात काहीतरी घालावं लागतं, ही त्यातली कबुली. रणजीच्या पारड्यात मात्र त्या मानानं अजून फार थोडं पडलं आहे.

आपल्याकडं यात्रेच्या कुस्त्यांना, कबड्डीला लाखांची बक्षिसं लागतात. फ्लेक्सवर देणगीदारांचे फोटो खेळाडूंपेक्षा मोठे असतात. जिंकणाऱ्याला ढाल, रोख, कधी मोटारसायकल. पडलेल्याला काही नाही. माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक स्पर्धेच्या बक्षिसातली दहावी पाती जखमींसाठी बाजूला काढावी. मैदानाशेजारी एक डॉक्टर आणि रुग्णवाहिका असावी. खेळणाऱ्या पोरांचा अपघात विमा उतरवावा, त्याचा हप्ता एका फ्लेक्सच्या खर्चात बसतो. शस्त्रक्रिया करावी लागली तर मंडळानं सोबत जावं, आणि सहा महिने पोरगा घरी बसला तर त्याच्या घरचा किराणा कोण भरतो याची चौकशी करावी. हे केलं की मग संघानं पोराला म्हणावं, बाबा रे, उपांत्य फेरी आहे, खेळ. तेव्हा त्या शब्दाला वजन येईल.

आटपाडी एके काळी औंध संस्थानात होती. त्या संस्थानच्या राजानं, भवानराव पंतप्रतिनिधींनी, शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालायला लावले. त्याला ना ढाल होती, ना इनाम. रयतेचं अंग धड राहावं, हा हेतू. गावानं पोरांना मैदानात उतरवायच्या आधी ती धड घरी कशी जातील हे बघावं, एवढा तरी वारसा त्यातून घेता येईल.

आणि पोरांनाही एक सांगणं आहे. बसायचं असेल तर बसा, पण सांगून बसा. दुखणं नसेल तर दुखण्याचं नाव घेऊ नका. सामन्याच्या आदल्या रात्री नको, चार दिवस आधी सांगा. बाहेर बसलात तरी मैदानावर या, नवख्या गड्याला चढाईचे चार डाव सांगा, पाणी द्या, बांधावरून ओरडा. गुडघा तुमचा आहे, तो जपा. आपलं माणूस हरताना बघायला मात्र तिथं उभे राहा, त्याला गुडघा लागत नाही.